मेलेल्या दाताची साक्ष

बाबांचा वरचा पुढचा दात एका गिऱ्हाइकाच्या शिंकेने मारला. बाबांचं सलून चौकात, औषधांच्या दुकानाला लागून. तीन खुर्च्यांचं. चाळीस वर्षं ते पहिल्या खुर्चीमागे उभे राहत आले होते. त्या दिवशी एका जाड मानेच्या गृहस्थांची मिशी सारखी करायला ते पुढून वाकले, गृहस्थांना शिंक आली, डोकं उसळलं आणि कपाळ थेट बाबांच्या तोंडावर बसलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत बाबांनी वस्तरा बाजूला घेतला होता, त्यामुळे गृहस्थांच्या केसालाही धक्का लागला नाही. बाबांच्या ओठातून मात्र रक्त वाहायला लागलं. त्यांनी भिंतीकडे तोंड करून ते पुसलं, तुरटीचा खडा ओठावर दाबला आणि वळून विचारलं, डावी बाजू अजून थोडी बारीक करू का.

दात पडला नाही, हललाही नाही. पण हळूहळू तो पांढऱ्याचा राखाडी झाला. बाबा हसताना वरचा ओठ खाली ओढून घ्यायला लागले. सलूनमध्ये समोर भला मोठा आरसा, त्यामुळे दिवसभर आपलंच तोंड आपल्याला दिसणार, त्याला इलाज नाही. तरी दोन वर्षं त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. आणि गंमत अशी की त्यांची एकुलती एक लेक दातांची डॉक्टर होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

या लेकीचं घरातलं नाव चौकशी. बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी सलूनच्या बाकावर पाय हलवत बसायची आणि एकामागून एक प्रश्न विचारायची. वस्तऱ्याला धार आहे तर ती दिसत का नाही? साबणाचा फेस पांढराच का? कापताना नख दुखत नाही, मग नखाच्या खालचं का दुखतं? गिऱ्हाइकं हसायची, बाबा हात न थांबवता जमेल तसं उत्तर द्यायचे आणि जमलं नाही की म्हणायचे, मोठी झालीस की तूच शोध आणि मला सांग. ती मोठी झाली, शिकली, एका थोरल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दुसऱ्या खुर्चीवर काम करायला लागली, पण प्रश्न काही संपले नाहीत. उलट त्यांना आता पगार मिळायला लागला.

राखाडी दात तिने पाहिला तो अगदी योगायोगाने. जेवताना बाबा कशावर तरी मोकळेपणी हसले, आणि ओठ ओढून घ्यायला अर्धा क्षण उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांना धरून दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी मसुराच्या डाळीएवढी काळी सावली होती. म्हणजे आतली नस मरून कुजलेली, आणि ती घाण टोकातून हाडापर्यंत पोचलेली. दुखत होतं का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, छे, कुठे काय.

मेलेल्या नसेवरचा उपाय साऱ्या जगाला ठाऊक आहे. दात मागून उघडायचा, नसेची नळी घासून साफ करायची, तिच्यात रबरासारखा मसाला ठासून भरायचा आणि वरून बंद करायचा. रूट कॅनाल. दात जागेवर राहतो, चावायला उपयोगी पडतो, पण आतून तो भिंतीतल्या खुंटीसारखाच. थोरले डॉक्टर तीस वर्षं हेच करत आले होते, आणि त्यांचा हात असा बसलेला की एकीकडे शब्दकोड्यातला शब्द विचारत ते नळी भरून मोकळे होत.

पण चौकशीला वेगळंच खाजत होतं. लहान मुलांचा दात मार लागून मेला तर हल्ली एक निराळी पद्धत वापरतात. नळी घासायची नाही, नुसती औषधाने धुवायची. मग मुळाच्या टोकापलीकडे, जिथे जिवंत रक्त आहे, तिथे बारीक सुई किंचित टोचून ते रक्त नळीत वर येऊ द्यायचं. ते आत गोठतं. त्यावर सिमेंटचं झाकण ठेवून दात बंद करायचा आणि वाट बघायची. रक्ताबरोबर आलेल्या पेशी आत बस्तान मांडतात आणि नवं काहीतरी वाढायला लागतं. ओस पडलेल्या घरात पुन्हा बिऱ्हाड वसावं तसा हा प्रकार. मुलांच्या मुळाचं टोक उघडं असतं, त्यामुळे पाहुण्यांना दार मोठं मिळतं. मोठ्या माणसाचं टोक मिटून सुईच्या अग्राएवढं झालेलं असतं. तिथे हे जमतं का? कुणी म्हणत होतं जमतं, कुणी म्हणत होतं नाही, आणि चौकशीने या विषयावरचं मिळेल ते सगळं वाचून झोप घालवली होती.

थोरल्या डॉक्टरांना तिने विचारलं तेव्हा ते चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साठीला टेकलेला दात आता काय बाळसं धरणार? पण बाप तुझा आहे आणि दात त्यांचा. वर्षभर बघ. नाही जमलं तर गुपचूप नेहमीचं रूट कॅनाल करायचं, आणि मोठ्या माणसांवर हे प्रयोग माझ्या दवाखान्यात पुन्हा नाहीत." एक बाई तेव्हाच आल्या होत्या, चाळिशीच्या, असाच एक मेलेला दात घेऊन. त्यांनाही हेच हवं होतं. त्यांना वर्षभर थांबायला सांगितलं गेलं.

बाबांची परवानगी मिळवणं सोपं होतं, इतकं सोपं की तिला त्याचाच त्रास झाला. तिने पानभर माहिती वाचून दाखवली, बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला करून बघायचंय ना?" ती हो म्हणाली. "मग झालं तर," असं म्हणून त्यांनी सही केली.

इथेच खरी मेख होती. आत काही जगलं की नाही हे एक्स-रे सांगत नाही. हाडातली सावली भरून आली तर ती दिसते, पण नळीत काय चाललंय ते दिसत नाही. ते एकच गोष्ट सांगू शकते, ती म्हणजे दाताला काही कळतं का. बर्फासारखा थंड कापूस दाताला लावायचा. कळलं तर आत काहीतरी जिवंत आहे. आणि कळलं की नाही हे फक्त ज्याचा दात तोच सांगणार.

आता बाबांचा स्वभाव बघा. नववीत असताना चौकशीने हट्टाने त्यांचे केस कापले होते. उजव्या कानावर उंदरांनी कुरतडल्यासारखा पट्टा निघाला. दुसरा कुणी असता तर टोपी घालून बसला असता. बाबा स्वतःच्या सलूनमध्ये, स्वतःच्या आरशासमोर, पंधरा दिवस तसेच उभे राहिले आणि विचारेल त्याला सांगत राहिले की ही नवी पद्धत आहे. अशा माणसाला जर कळलं की लेकीला 'थंड लागलं' हे उत्तर हवंय, तर तो कापूस गार करायच्या आधीच थंड लागलं म्हणून सांगेल. म्हणून तिने ठरवलं की पेपर फुटू द्यायचा नाही. आत बाबांचं स्वतःचं काहीतरी वाढावं, रबर भरायला लागू नये, एवढंच त्यांना माहीत होतं. तपासणीत कुठलं उत्तर चांगलं आणि कुठलं वाईट याची तिने ताकास तूर लागू दिली नाही. कळलं तर हात वर करा, नाही कळलं तर करू नका, बस. आपल्या या हुशारीवर ती मनातून खूशही होती.

पहिल्या खेपेला तिने दात उघडला, जंतुनाशकाने हळूहळू धुतला, आत औषधाची पेस्ट ठेवून तात्पुरता बंद केला. महिन्याने दुसरी खेप. या वेळी भूल द्यायची ती रक्त आवळून धरणार नाही अशी, कारण आज तर रक्तच हवं होतं. एरवी दाताच्या डॉक्टरचा सगळा जीव रक्त थांबवण्यात जातो. तिने मुळाच्या टोकाची वाट बारीक सुईने किंचित रुंद केली, अजून दोन मिलिमीटर पुढे टोचली आणि श्वास रोखून भिंगातून बघत राहिली. काही नाही. पुन्हा टोचली. मग तळाशी लाल ठिपका चमकला आणि नळीतून वर चढायला लागला. "आलं," ती इतक्या आनंदाने म्हणाली की दवाखान्यातल्या मावशी दचकल्या. मावशी म्हणजे मदतनीस, तिथे थोरल्या डॉक्टरांच्याही आधीपासून असल्यासारख्या. मॅडम, रक्त बघून हसणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच बघते, असं त्यांनी ऐकवलंच. पाव तासात रक्त गोठलं, त्यावर सिमेंट बसलं, वर दाताच्या रंगाचं भरण झालं.

मग सुरू झाली वाट बघायची गंमत आणि सजा. तीन महिन्यांनी तिने थंड कापूस आधी बाजूच्या दाताला लावला. बाबांचा हात वर. दुसऱ्या बाजूच्या दाताला, हात वर. मग मधल्या त्या दाताला. हात मांडीवर, हलला नाही. अजून लवकर आहे, ती स्वतःला म्हणाली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. शेजारी दोन्ही बोलले, मधला मुका. सावली मात्र मसुरावरून मोहरीवर आली होती. नऊ महिन्यांनी सावली मोहरीवरच अडलेली आणि दात मुका. शेजारच्या दातांना बाबा इतक्या पटकन आणि खरेपणाने हात वर करत होते की त्यांच्या साक्षीबद्दल तिला तसूभरही शंका आली नाही. ती रोज नवे तर्क लढवत होती. टोक कमी रुंद झालं का? रक्त कमी आलं का? औषध जास्त दिवस राहिलं का? बाबांनी हल्ली आइस्क्रीम सोडलंय हे आई फोनवर दोनदा बोलली. वयाप्रमाणे माणूस सुधारतो, असं म्हणून हिने तो विषय तिथेच संपवला. जगभर चौकशी करत हिंडणाऱ्या पोरीला त्या एका गोष्टीची चौकशी करावीशी वाटली नाही, आता बोला.

वर्ष झालं. चौथ्या खेपेलाही मधल्या दाताने तोंड उघडलं नाही. थोरल्या डॉक्टरांनी दोन एक्स-रे दिव्यावर शेजारी लावले, हनुवटी खाजवली आणि सौम्यपणे म्हणाले की आता पुरे. सावली पूर्ण गेलेली नाही, दाताला संवेदना नाही, म्हणजे आत घाण पुन्हा साठायला रिकामी जागा आहे. बापाच्या तोंडात बॉम्ब ठेवून तू किती दिवस उत्सुक राहणार? त्या चाळिशीच्या बाईंना फोन करून नाही म्हणून सांगायचं तिने उद्यावर ढकललं आणि बाबांना गुरुवारी सकाळी बोलावलं.

गुरुवारी बाबा वेळेच्या आधी दहा मिनिटं आले. खुर्चीवर चढण्याआधी त्यांनी नेहमीसारख्या चपला काढून खुर्चीखाली जोडून ठेवल्या. पायटेकणीवर जोडे घेऊन बसणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांना चाळीस वर्षांचा राग होता. आज तो सिमेंटचा थर काढून आत नेहमीचा मसाला भरायचाय, असं तिने त्यांना सांगितलं. नाही जमलं, असंही सांगितलं. बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. काही बोलावंसं वाटून त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मावशींनी त्यात रबराचा पडदा अडकवला. हा पडदा एकदा ताणून बसवला की त्यातून फक्त काम असलेला दात बाहेर डोकावतो, आणि माणूस 'अं' खेरीज काही म्हणू शकत नाही.

सुई तिने दिली नाही. मेलेल्या दाताला भूल कशाला? शिवाय तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात अजून आशा होती की ड्रिल ही शेवटची तपासणी ठरेल. दुखलं तर हात वर करा, ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली. तिने ड्रिल सुरू केलं. वरचं भरण भुग्यासारखं निघालं. खाली सिमेंटचा पांढरा थर दिसायला लागला. त्याच्या कडा मोकळ्या करण्यासाठी तिने टोक दाताच्या भिंतीला टेकवलं, थोडं आत घेतलं. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं सैल. डोळे छताकडे. कपाळावर आठी नाही.

मावशी एरवी तिच्या डोक्याशी उभ्या असतात, थुंकी ओढायची नळी धरून. त्या दिवशी नळी मध्येच अडकली म्हणून त्या यंत्राशी, म्हणजे खुर्चीच्या पायथ्याशी गेल्या होत्या. तिथून त्यांनी हाक दिली, "मॅडम, जरा थांबा. बाबांचे पाय बघा."

तिने ड्रिल थांबवलं आणि मान वळवली. बाबांच्या दहाही बोटांनी पायटेकणी अशी आवळून धरली होती की नखं पांढरी पडली होती. ड्रिल थांबल्यावर बोटं एकेक करून सुटी झाली. दाताच्या डॉक्टरला पायाकडे बघायचं कारण कधी पडतच नाही. पाच वर्षांच्या कामात तिने खुर्चीतल्या माणसाचे पाय पाहिले असतील तर ते बूट आवडले म्हणून.

तिने पडदा काढला. दुखलं का बाबा, असं विचारलं. बाबा म्हणाले, "छे. चालू दे तुझं."

आता तिची पंचाईत झाली. दुखलं म्हणा, मला तेच हवंय, असं सांगितलं तर ते लगेच हो म्हणतील आणि त्या होची किंमत शून्य. आणि नाही सांगितलं तर ते नाहीच म्हणत राहणार. मध्ये फक्त सिमेंटचा दोन मिलिमीटरचा थर होता. त्याच्या पलीकडे एक तर रिकामी नळी होती, किंवा वर्षभर अंधारात गुपचूप वाढलेलं काहीतरी, जे ती स्वतःच्या हाताने ओरबाडून काढणार होती. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी तिचा जुना स्वभाव खुदखुदत होता, की हे ओळखायचं कसं?

तोंड खोटं बोलतंय, मग तोंडाला विचारायचंच नाही. ती शेजारच्या खोलीत गेली आणि थोरल्या डॉक्टरांना घेऊन आली. तिचा बेत त्यांना शब्दकोड्यापेक्षा आवडला असावा, कारण ते आपल्या पेशंटचं तोंड उघडंच ठेवून तसेच आले. त्यांनी आठ चिठ्ठ्या केल्या, चारांवर थंड लिहिलं, चारांवर कोरडा, पिसल्या, आणि त्या क्रमाने एका कागदावर उतरवून कागद खिशात घातला. कापूस तेच लावणार. हे फसावं अशी त्यांचीच इच्छा होती, तेव्हा त्यांच्या हाताला पक्षपात शिवणार नव्हता. कापूस गार करणारा फवारा प्रत्येक वेळी मारायचा, पण कोरड्या कापसाच्या वेळी तो हवेत, म्हणजे बाबांना आवाज सारखाच ऐकू येईल. मावशींनी प्रत्येक वेळी फक्त आकडा पुकारायचा. आणि चौकशी एका ठेंगण्या स्टुलावर बाबांच्या पायांशी बसली, तोंडाकडे पाठ करून, मांडीवर वही घेऊन.

"बाबा, सर आठदा काहीतरी लावतील. प्रत्येक वेळी जे वाटेल ते सांगा," ती म्हणाली.

"वाटलं तर सांगतोच की," बाबा म्हणाले.

तिने त्यांचे पाय इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. चाळीस वर्षं उभ्याने काढलेले पाय. पोटऱ्यांवर निळ्या गाठी, टाचांना भेगा, अंगठे बाहेर पसरलेले, धाकट्या बोटाच्या नखाखाली कधीचा तरी अडकलेला केसाचा बारीक तुकडा. ही बोटं आता काय सांगतात, याच्याकडे तिचं सगळं आयुष्य लागून राहिलं होतं असं तिला त्या वेळी वाटलं.

एक, मावशी म्हणाल्या. फवाऱ्याचा आवाज झाला. बोटं स्वस्थ. "नाही," बाबांचं तोंड म्हणालं.

दोन. बोटं झटकन वळली, अंगठा टेकणीत रुतला. "नाही," बाबा म्हणाले.

तीन. पुन्हा वळली. "नाही."

चार. स्वस्थ. "नाही."

पाचला वळली. सहाला आणि सातला दोन्ही पाय दुपारची झोप घेत असल्यासारखे पडून होते. आठला डाव्या पायाने उजव्याला धरलं. आणि आठही वेळा बाबांचा आवाज तोच, शांत, दाढी करून उठलेल्या गिऱ्हाइकाला निरोप देतानाचा. नाही.

तिने वही दाखवली. दोन, तीन, पाच, आठ. थोरल्या डॉक्टरांनी खिशातून कागद काढून तिच्या वहीशेजारी धरला. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद पुन्हा वाचला. थंड, दोन, तीन, पाच, आठ.

"सिमेंटला हात लागला नाही ना तुझा?" त्यांनी एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली. ते झुकून भिंगातून स्वतः बघून आले. आत नेमकं काय उगवलंय देव जाणे, ते पुटपुटले. नसच असेल असं नाही, ती म्हणाली, पण जे काही आहे त्याला थंड कळतं. तिला विलक्षण आनंद झाला होता, आणि बापाचा भयंकर राग आला होता, आणि दोन्ही एकदम कसे मावतात हे तिला कळत नव्हतं. ती स्टूल ओढून बाबांच्या तोंडासमोर आली.

"कधीपासून कळतंय?"

बाबांनी आधी थोरल्या डॉक्टरांकडे बघितलं, मग मावशींकडे. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसे. मग म्हणाले, "सहाव्या महिन्यापासून. पहिल्यांदा अगदी लांबून, पलीकडच्या गल्लीतून कुणी हाक मारावी तसं. मग दर खेपेला जवळून."

"मग हात का नाही वर केलात? बाजूच्या दातांना तर लगेच करत होता."

"ते दात तू केलेले नव्हतेस," बाबा म्हणाले. "त्यांना झोंबलं तर तुझं काय जातं? हा तू केलेला. बाहेर बाकावर चार माणसं बसलेली असतात. खुर्चीतला माणूस हाय म्हणाला की नाव हाताचं जातं, वस्तऱ्याचं नाही. आणि हे साहेब तर वर्षभर तुझी चूक व्हायची वाट बघत होते."

थोरल्या डॉक्टरांना खोकला आला. आपला पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय, असं काहीतरी म्हणत ते दाराशी गेले. तिथून वळून त्यांनी सांगितलं की त्या चाळिशीच्या बाईंना पुढच्या आठवड्यात बोलाव.

ते गेल्यावर तिने बाबांना सगळं उलगडून सांगितलं. की ती वर्षभर त्या हायचीच वाट बघत होती. की प्रत्येक नाहीनंतर ती घरी जाऊन एक्स-रे उशाशी घेऊन बसत होती. की दुखणं म्हणजेच जमलं. बाबा ऐकता ऐकता उठून बसले.

"मग आधीच सांगायचंस ना असं," ते म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी हो म्हणाला असता."

बाबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणालो असतो," ते म्हणाले.

मावशी हसायला लागल्या. तिलाही हसू आलं, पण ते नीट बाहेर पडेना, मध्येच कुठेतरी ओलं झालं. तिने आज उघडलेली जागा पुन्हा भरून टाकली, या वेळी भूल देऊन. भूल उतरेपर्यंत बाबांना बसवून ठेवलं आणि मग केस पेपर पुढे ओढला. त्यावर एक रकाना असतो, दुखण्याचा आकडा शून्य ते दहा. मागच्या चारही तारखांसमोर तिच्याच अक्षरात शून्य लिहिलेलं होतं.

"आजचा थंड कापूस किती?" तिने विचारलं.

"बाकीचे लोक किती सांगतात?"

"बाकीच्यांचं सोडा. तुमचं सांगा."

बाबांनी दाराकडे बघितलं. दार बंद आहे याची खात्री करून घेतली. "पाच," ते हळूच म्हणाले. मग तिने लिहायला घेतल्यावर, "सहा लिही."

तिने सहा लिहिलं. पेन तसंच धरून ती खाली बघत राहिली, कारण पुढचा प्रश्न विचारायचा तिला धीर होत नव्हता, आणि न विचारता राहणं तर तिला जन्मात जमलं नव्हतं.

"आणि मघाशी मी ड्रिल चालवत होते तेव्हा?"

पाय खाली सोडून बाबांनी चाचपडत चपला शोधल्या, एक सापडली.

"त्यात दहापर्यंतच आकडे आहेत का गं?" त्यांनी विचारलं.